गाविलगडाचं पाणी आणि दीडशे रुपयांचा चाकू

थंडी पडायला लागली की मला एक प्रश्न हमखास येतो. चिखलदऱ्याला किंवा नरनाळ्याच्या पायथ्याला तंबू ठोकून दोन रात्री काढायच्या आहेत, स्वस्तातला बरा चाकू कोणता घेऊ? प्रश्न मलाच का, तर माझा पीएचडीचा विषय वऱ्हाडातली लोखंडी अवजारं आणि ती घडवणारी माणसं असा आहे. म्हणजे मित्रमंडळींच्या मते मी चाकूचा डॉक्टर होणार. (अजून झालेलो नाही, हे गाईडबाई अधूनमधून आठवण करून देतात.)

खरेदीचं उत्तर खाली देतोच. पण त्याआधी ‘स्वस्त चाकू’ हे शब्द जरा तपासायला हवेत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याकडे पूर्वी विळा होता, कुऱ्हाड होती, घरात पावशी होती, सुरी होती. पण दुकानातून पैसे मोजून घ्यायची, बिघडली तर फेकून द्यायची ‘स्वस्त’ वस्तू म्हणून ती नव्हती. ती कल्पना इथे साधारण दीडशे वर्षांपूर्वी रुळायला लागली, रेल्वे आणि कापसाबरोबर. ती रुळताना एक गोष्ट हातून निसटली. तिच्यासाठी मराठीत साधा शब्द आहे: पाणी.

सोळाव्या शतकाच्या शेवटापासून सुरुवात करू. १५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांच्या ताब्यात गेलं आणि अबुल फजलच्या ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं प्रकरण आलं. ते वाचायला फार मजेदार आहे. महसुलाच्या कोष्टकांमध्येच तो सांगून जातो की इथल्या कोंबड्यांची हाडं आणि रक्त काळं असतं. म्हणजे कडकनाथाची कीर्ती दिल्ली-आग्र्यापर्यंत पोचली होती! आपल्या कामाच्या नोंदी मात्र दोन आहेत. पहिली अशी की इंदूर आणि निर्मळ इथे पोलादाच्या खाणी आहेत. हे इंदूर मध्य प्रदेशातलं नव्हे, आजचं निजामाबाद. तेव्हाच्या वऱ्हाड सुभ्यात तेलंगणाचा हा तुकडाही मोडत होता. दुसरी नोंद गाविलगडाबद्दल. हा किल्ला जवळपास अजोड आहे, असं म्हणून तो पुढे सांगतो की गडावर एक झरा आहे आणि तिथे शस्त्रांना पाणी देतात.

इंग्रजी भाषांतरातून हे वाक्य वाचणारा इथे हमखास अडखळतो. शस्त्रांना पाणी? तलवारी काय बैल आहेत, झऱ्यावर नेऊन पाजायला? मराठी माणसाला मात्र समजवावं लागत नाही. तापवलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करणं म्हणजे पाणी देणं. फारसीतही अगदी हाच प्रयोग आहे. आपल्याकडे ‘पाजणे’ लेकरासाठी आहे तसं लोखंडासाठीही आहे; विळा ‘पाजवून’ आणतात. तलवार पाणीदार असते, मग त्यावरून डोळे पाणीदार होतात, माणूसही पाणीदार होतो, आणि एखाद्याचं पाणी आपण जोखतो. लोहाराच्या भट्टीतला शब्द आपण माणसांवर लावला आणि मूळ अर्थ विसरत चाललो.

मूळ अर्थ नीट समजला तर अर्धी खरेदी जमली म्हणून समजा, त्यामुळे इथे थोडा थांबतो. लोखंडात थोडा कार्बन मिसळलेला असला की ते पोलाद. धार धरायची तर साधारण अर्ध्या टक्क्यापासून पुढे कार्बन हवा. असं पातं भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायचं. किती? लोहचुंबक लावून बघितलं आणि चिकटला नाही, की ७७० अंशांच्या वर गेलं. जाणता कारागीर चुंबक लावत नाही, रंगावरून ओळखतो. म्हणूनच भट्टी सावलीत असते, उन्हात रंग कळत नाही. मग ते पाण्यात किंवा तेलात झटकन बुडवायचं. आतली रचना बदलून पातं काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच ठिसूळही. तसंच वापरलं तर धार पापुद्र्यासारखी उडते. म्हणून घासून उजळवून पुन्हा मंद तापवायचं. वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग पात्यावर चढला की सव्वादोनशे अंशांच्या आसपास पोचलं. तिथेच थांबायचं. अजून थोडं पुढे गेलं, रंग जांभळा-निळा झाला, तर स्प्रिंगेला चालेल पण चाकूसाठी मऊ.

म्हणजे सगळा खेळ काही सेकंदांचा आणि काही अंशांचा. तोच पाटा, तोच घण, तोच कारागीर. पण पाणी चुकलं तर चाकू टोमॅटोच्या सालीवरून घसरतो. आणि चुकलेलं पाणी वरून दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

गाविलगडाच्या झऱ्याचं काय मग? अमुक ठिकाणचं पाणी शस्त्राला मानवतं, ही समजूत जगभर आहे. स्पेनमधल्या टोलेडोच्या तलवारींचं श्रेय लोक ताग नदीच्या पाण्याला देत. पाण्यात जादू नसते. पण माझ्या मते ती समजूत अगदीच भाबडी म्हणता येणार नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी विहिरी-तळ्याच्या मानाने वर्षभर एकसारख्या थंडाव्याचं असतं. कारागिराला रोज तोच परिणाम हवा असेल, तर रोज तेच पाणी मिळणं ही मोठी सोय आहे. थर्मामीटर नसलेल्या काळात झरा हाच थर्मामीटर.

इंदूर-निर्मळकडच्या पोलादाची गोष्ट याहून लांब पल्ल्याची आहे. त्या भागातल्या कोनसमुद्रम गावात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री व्हॉयसे नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने मुशीत पोलाद बनवताना पाहिलं, आणि तिथे ते विकत घ्यायला आलेला इस्फहानचा व्यापारीही त्याला भेटला. इराणपासून निघून आपल्या शेजारच्या खेड्यात, पोलादाच्या गोळ्यांसाठी! अशाच दक्षिणी पोलादाची पाती पश्चिम आशियात बनली आणि त्यांच्यावरच्या लाटांसारख्या नक्षीला जगाने दमास्कस हे नाव दिलं. आज ऑनलाइन साइटींवर चार-पाचशे रुपयांत ‘दमास्कस कॅम्पिंग चाकू’ मिळतो. त्याच्यावरची नक्षी बहुतेक वेळा लेझरने किंवा आम्लाने वरवर उमटवलेली असते. दगडावर जरा घासलं की उतरते. आपल्याच सुभ्याचं पोलाद, दमास्कसचं नाव आणि वर छापील नक्षी. असो. हा चाकू घेऊ नका.

इराणला जाणारं पोलाद राजेरजवाड्यांच्या तलवारींसाठी होतं. अंजनगावच्या किंवा मूर्तिजापूरच्या कास्तकाराची सुरी कोण बनवत होतं?

खाती. आमच्याकडे लोहाराला खाती म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथातही लोहारांच्या प्रकरणाच्या मथळ्यात खाती, घिसाडी, पांचाळ ही नावं आहेत. गावचा खाती बलुतेदार. वखराची पास, नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा दुरुस्त करायचा, पाजवून द्यायचा, आणि त्याबद्दल सुगीला धान्य घ्यायचं. रसेलने वर्धा जिल्ह्याचा म्हणजे नदीपलीकडचा हिशेब दिला आहे: चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे ४० एकरांमागे, वर्षाला ५० पौंड धान्य. आजच्या मापात जेमतेम २३ किलो. नवं अवजार करायचं तर कधी वेगळे पैसे मिळत, पण लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याने आणून द्यायचा.

या हिशेबात मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं की यात सुरीला ‘किंमत’च नाही. पैसा वस्तूचा नाही, वस्तू चालू ठेवण्याचा आहे. म्हणून पाणी चुकलं तर नुकसान खात्याचंच. धार गेलेली सुरी चार दिवसांनी त्याच्याच दारात परत येणार, आणि जास्तीचं धान्य मिळणार नाही ते नाहीच. चांगलं पाणी देणं हा त्याच्या कष्टाची बचत करणारा मार्ग होता. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक चाकूला आयुष्यभराची वॉरंटी होती आणि कंपनी गल्लीच्या टोकाला बसत होती.

याचं कौतुक करताना माझी लेखणी अडखळते, आणि अडखळावीच. बलुतं ही काही गोड व्यवस्था नव्हती. जात जन्माने ठरलेली, काम जातीने ठरलेलं, मोबदला गावाने ठरवलेला. रसेलच लिहितो की गावातले लोहार फार गरीब असतात, त्यांची कमाई साध्या मजुरापेक्षा क्वचितच जास्त असते. म्हणजे शेतकऱ्याला जी सुरी स्वस्त पडत होती, ती खात्याच्या अंगावर पडत होती. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी ते २३ किलो धान्य बारा महिन्यांत वाटून बघावं.

मग कापूस आला. म्हणजे होताच, पण १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. गाड्या कापूस घेऊन मुंबईला जायच्या आणि येताना विलायती माल आणायच्या, त्यात लोखंड. रसेलच्या वेळेपर्यंत प्रांतातल्या हातभट्ट्यांवर लोखंड गाळण्याचा धंदा जवळपास संपला होता आणि सगळीकडे बाहेरचं लोखंड चालू होतं.

याचा खात्यांवर झालेला परिणाम दुहेरी होता. अकोला, अमरावती, खामगावला जिनिंग-प्रेसिंगच्या फॅक्टऱ्या उभ्या राहिल्या. यंत्रं चालवायला, दुरुस्त करायला हातात कसब असलेली माणसं हवी होती. शहरात गेलेल्या लोहारांपैकी काहींना चांगलाच पगार मिळू लागला, हेही रसेलने नोंदवलं आहे. मला यात आनंदच वाटतो; २३ किलोच्या बलुत्यातून सुटका झाली. दुसरीकडे चाकू-कात्र्या, खिळे वगैरे बनवण्याच्या धंद्यात भांडवल बहुधा भाटिया किंवा बोहरा व्यापाऱ्याचं असायचं आणि लोहार त्याच्याकडे मजूर. चाकू आता दुकानात गेला. घडवणारा आणि कापणारा यांची भेट बंद झाली. पाणी चुकलं तर सुरी कोणाच्या दारात न्यायची? दुकानदार म्हणणार, माल वरून आलाय.

बाहेरचे चाकूही आलेच. इंग्लंडातलं शेफील्ड हे तेव्हा चाकूंचं माहेरघर, आणि त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद काढलं. स्टेनलेस. घराघरातल्या बायकांच्या दृष्टीने हे वरदान होतं, कारण साध्या पोलादाची पावशी चिंचेने, कांद्याने काळी पडते, पावसाळ्यात गंजते. पण ‘चमकतो म्हणजे चांगला’ ही सवयही तेव्हापासूनची. स्वस्त स्टेनलेसला चमक मिळते, पुरेसा कार्बन आणि नीट पाणी मिळत नाही.

हे असंच व्हायला हवं होतं असं नाही. कॅम्पिंगवाल्यांच्या तोंडी असलेली जगातली दोन स्वस्त नावं घ्या. स्वीडनमधल्या मोरा गावाकडचे चाकू १८९१ पासून कारखान्यात बनतात. मुळात ते लाकूडतोड्यांचे आणि कामगारांचे. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल १८९० मध्ये जोझेफ ओपिनेलने बनवला. त्याच्या घरी आजोबांपासून अवजारं घडवायचा धंदा, म्हणजे आपल्या हिशेबाने खात्याचंच पोर. दोन्ही शेतकऱ्या-कामकऱ्यांचे चाकू, दोन्ही अजूनही त्या मानाने स्वस्त, आणि दोन्हींना गावाचं किंवा घराण्याचं नाव. वऱ्हाडाच्या सुरीला असं नाव मिळालं नाही. ओपिनेलकडे धंदा घडवणाऱ्याच्या घरात राहिला. आपल्याकडे कसब एका जातीत आणि भांडवल दुसऱ्या, असा व्यवहार झाला. मला हे कारण हवापाण्यापेक्षा किंवा ‘आपल्याकडे दर्जाची कदर नाही’ या रडगाण्यापेक्षा जास्त पटतं.

तंबूत राहण्याचं म्हणाल तर वऱ्हाडाला ते कोणी शिकवायची गरज नाही. परतवाड्याहून जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरते, २० डिसेंबरपासून पुढे महिनाभराहून जास्त. राहुट्या लागतात, मातीच्या हंडीत मटण शिजतं, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. ‘कॅम्पिंग’ शब्द यायच्या कितीतरी आधीपासून माणसं कुटुंबकबिल्यासह तिथे मुक्काम करत आली आहेत. तिथे लागणारा चाकू म्हणजेच तुम्हाला चिखलदऱ्याला लागणारा चाकू: कांदे, वांगी, मटण, दोरी, फार तर चुलीसाठी काडक्या. टीव्हीवरच्या जंगलवीरासारखा मागे करवतीचे दात असलेला चाकू कोणाच्याच कामाचा नाही. त्याने कांदा चिरून बघा.

आठवडी बाजारात अजूनही पाल टाकून विळे-सुऱ्या मांडलेल्या दिसतात. आजचं त्यांचं पोलाद म्हणजे भंगारातल्या ट्रकच्या कमानीचे पाटे, आणि हे पोलाद चाकूसाठी खरोखर चांगलं आहे. कार्बन भरपूर, मार सोसणारं. परतवाड्याकडच्या एका बाजारात म्हातारबाबांना विचारलं, बाबा, चांगली कोणती? त्यांनी चमकणाऱ्या सुऱ्यांवरून हात फिरवून एक काळपट उचलली. “रंग नोको पाहू भाऊ. कानस लावून पाय. घसरली त पाणी बसलं.” माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण त्या एका वाक्यात मावतं. कानस कडक पोलादाची असते. मऊ पात्याला ती चावते, नीट पाणी दिलेल्या पात्यावरून सरकते. ऑनलाइन विकत घेताना ही परीक्षा करता येत नाही, समोर बसलेल्या माणसाकडून घेताना येते, आणि त्याला राग येत नाही. चांगल्या कारागिराला तर बरंच वाटतं.

तेव्हा दीडशे-दोनशे रुपयांत बाजारातली कमानीच्या पाट्याची सुरी घ्या. पातं चार इंचांच्या आसपास, मिटवायची नसलेली, पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आणि दोन-तीन रिव्हेटांनी पक्कं केलेलं. मूठ लाकडाची असली तर ओल्या हातात घट्ट बसते. जाडी बेताची, फार जाड पातं कांदा कापत नाही, फोडतं. गंजाची कटकट नकोच असेल तर साध्या नामांकित कंपनीचा स्वयंपाकघरातला छोटा स्टेनलेस चाकू पुठ्ठ्याच्या म्यानात घालून न्या. त्यात काही कमीपणा नाही.

आणि आता कायद्याचं, कारण यावर कोणी बोलत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठीचे त्यातून वगळलेले आहेत. तुमची सुरी यात येत नाही. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वेगळा आहे. त्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत चाकू सरळ नावानिशी आहे, लांबी-रुंदीची अट न घालता, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. मेळघाट आणि नरनाळा ही अभयारण्यं आहेत, गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. चिखलदरा गावातल्या मुक्कामाच्या जागी भाजी चिरणं वेगळं आणि सुरी खिशात घालून जंगलात शिरणं वेगळं. गेटवर आधी विचारा, सुरी मुक्कामी ठेवा. पर्यटकाला बहुधा समज देऊन सोडतात. याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कंबरेला विळा लावून फिरलेल्या कोरकू माणसाला हीच व्याख्या जास्त जड जाऊ शकते, हे मात्र तिथे फिरताना डोक्यात असू द्या.

परत आल्यावर सुरी धुऊन लगेच कोरडी करा, जवसाच्या तेलाचा हात फिरवा, वर्तमानपत्रात गुंडाळा. कांद्याने पातं काळं-निळं पडेल, घासून घासून ते काढत बसू नका. तो थर गंजाला थोडा अडवतो. धार गेली की त्याच बाजारात, त्याच पालावर घेऊन जा. दहा-वीस रुपये घेतील.

पुढच्या लेखात घिसाडी आणि त्यांच्या बैलगाड्यांचे मार्ग. त्याचा नकाशा काढायचं काम चालू आहे.